सुतावरून सत्य गाठताना

(एचएसआर लेआउट, बंगळूर येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अल्पशा आधारावर मोठा निष्कर्ष काढणाऱ्याची थट्टा करताना मराठी माणूस म्हणतो, ‘याने सुतावरून स्वर्ग गाठला.’ न्यायसहायक विज्ञानाची एक मोठी शाखा मात्र खरोखरच सुतावर उभी आहे. अंगरख्याचा एक तंतू, उशीवरचा एक केस, पेल्याच्या तळाशी उरलेला चिमूटभर गाळ, अशा क्षुल्लक वस्तूंवरून एखाद्याला तुरुंगात पाठवायचे की घरी, याचा निर्णय होऊ शकतो. म्हणून सुतावरून कुठपर्यंत जाता येते आणि कुठे थांबावे लागते, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा उरत नाही. तो प्रत्येक नागरिकाचा होतो.

एचएसआर लेआउटच्या परिसरात हा विषय निघावा, यात औचित्य आहे. येथील रहिवाशांना ‘सिल्क बोर्ड’ हे नाव वाहतुकीच्या कोंडीमुळे अधिक परिचित असले, तरी त्या चौकाला ते मिळाले केंद्रीय रेशीम मंडळामुळे. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेले हे मंडळ रेशीम उद्योगाच्या संशोधनाची आणि विकासाची काळजी वाहते. तेथून जवळच, मडिवाळा येथे, कर्नाटक राज्याची न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळा आहे. एका वास्तूत तंतूंचा विचार वस्त्रासाठी होतो, दुसरीत न्यायासाठी. तंतू दोन्हीकडे तोच.

मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला प्रयोगवहीतील मथळे आठवत असतील : साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षण आणि अनुमान यांसाठी दोन वेगळ्या जागा असत आणि एकाच्या जागी दुसरे लिहिले, तर शिक्षक लाल शाईने खूण करीत. ‘निळा लिटमस कागद तांबडा झाला’ हे निरीक्षण. ‘द्रावण आम्लधर्मी आहे’ हे अनुमान. न्यायसहायक विज्ञानाचे सारे यश या दोहोंतील अंतर राखण्यात आहे, आणि त्याचे बहुतेक अपयश ते अंतर पुसले जाण्यात आहे.

या शास्त्राचे मूलतत्त्व फ्रान्समधील एडमंड लोकार्ड यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी १९१० मध्ये लियाँ शहरात पोलिसांसाठी एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली. दोन वस्तूंचा स्पर्श झाला, की दोहोंमध्ये काहीतरी देवाणघेवाण होते, हा त्यांच्या विचाराचा गाभा. घरात शिरणारा माणूस बाहेरची माती, कपड्यांचे तंतू, डोक्यावरचे केस मागे ठेवतो आणि तेथील धूळ, सतरंजीची लोकर, मांजराचे केस अंगावर घेऊन जातो. त्याला याची जाणीवही नसते, म्हणून या खुणा लपवणे अवघड. पण त्या टिकाऊ नसतात. एका कपड्यावरून दुसऱ्यावर गेलेले तंतू वापरातला कपडा अंगावर असेपर्यंत झडतच राहतात आणि पहिल्या काही तासांतच त्यांतील बहुतेक नाहीसे होतात. घटनास्थळी आलेले शेजारीपाजारी, नातलग, बघे आणि खुद्द पोलीसही आपापल्या खुणांची भर घालतात. गर्दी आवरण्यापूर्वीच पुराव्याचा काही भाग हरवलेला असतो.

केसाचे उदाहरण घेऊ. निरोगी माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण पन्नास ते शंभर केस गळतात आणि डोक्यावरचा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे तीन थर दिसतात : बाहेर खवल्यांसारखे आवरण, त्याच्या आत रंगद्रव्याचा मुख्य थर आणि मधोमध गाभ्याची नळी. माणसाच्या केसात ही नळी जाडीच्या एकतृतीयांशाहून कमी असते, तर बहुतेक प्राण्यांत ती निम्म्याच्या आसपास किंवा अधिक. खवल्यांची रचनाही प्राण्याप्राण्यांत निराळी. त्यामुळे केस माणसाचा की कुत्र्याचा, डोक्यावरचा की शरीराच्या अन्य भागाचा, रंगवलेला आहे का, कापलेला की तुटलेला, आपोआप गळलेला की ओढून उपटलेला, हे जाणकार परीक्षक सहसा सांगू शकतो. उपटलेल्या केसाच्या मुळाशी जिवंत पेशी चिकटून येतात आणि त्यांतील डीएनए व्यक्तीपर्यंत पोहोचवू शकतो. मूळ नसलेल्या केसाच्या दांड्यातून सामान्यतः मिळतो तो मातेकडून आलेला मायटोकाँड्रियातील डीएनए. तो आई, तिची सर्व मुले आणि मातृकुळातील इतर नातलग यांच्यात सारखा असतो. म्हणजे तो कुळापर्यंत नेतो, माणसाच्या दारापर्यंत नाही.

केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दोन केस सारखे दिसले, तर काय सिद्ध होते? एवढेच, की ते एकाच डोक्यावरचे असू शकतात. ‘असू शकतात’ या दोन शब्दांचे वजन किती, ते पुढे स्पष्ट होईल.

तंतूंची गोष्ट याहून थोडी वेगळी. कापसाचा तंतू पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. लोकरीवर खवले असतात. तुतीच्या रेशमाचा आडवा छेद गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा असतो. रेशमाची झळाळी बऱ्याच अंशी त्या आकारातून येते. पैठणीचे रेशीम अस्सल आहे का, हे पाहण्यासाठी जुन्या बायका एक धागा जाळून पाहत. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर रेशीम. वितळून कडक मणी झाला, तर नायलॉनसारखा कृत्रिम धागा. कागदासारखा भुरकन जळला, तर सूत. रेशीम आणि केस दोन्ही प्रथिनांचे, म्हणून वास सारखा. प्रयोगशाळा हेच अधिक काटेकोरपणे करते : प्रकाश तंतूतून जाताना किती वाकतो, कोणत्या द्रावणात तंतू विरघळतो, त्याचा रंग कोणकोणत्या रंगद्रव्यांचा बनला आहे, हे ती मोजते. फरक एवढाच, की पुराव्याचा तंतू अनेकदा एकच असतो आणि तो जाळून चालत नाही.

कृत्रिम तंतू कारखान्यात मैलोगणती तयार होतो. म्हणून ‘हा तंतू त्या सदऱ्याशी जुळतो’ याचा अर्थ ‘त्या सदऱ्याशी किंवा तशाच हजारो सदऱ्यांपैकी एकाशी’ असा असतो. पुराव्याचे वजन मग दुर्मिळतेवर आणि संख्येवर ठरते. अमेरिकेतील अटलांटा शहरात १९७९ ते १९८१ या काळात झालेल्या हत्यांच्या मालिकेत मृतदेहांवर एक असामान्य आकाराचा हिरवा तंतू पुन्हा पुन्हा सापडला. तो एका विशिष्ट गालिच्याचा होता आणि त्या शहराच्या परिसरात असा गालिचा अंदाजे दर ७,७९२ घरांपैकी एकात असावा, असा हिशेब १९८२ च्या खटल्यात मांडला गेला. हिशेबामागच्या गृहीतकांवर पुढे टीकाही झाली. परंतु आरोपीच्या घरातील गालिचा, पलंगपोस आणि कुत्रा या तिन्हींशी जुळणारे तंतू व केस वेगवेगळ्या मृतदेहांवर एकत्र सापडणे, ही गोष्ट एकट्या तंतूपेक्षा कितीतरी जड होती.

याउलट अगदी साधी, बाजारात कुठेही मिळणारी दोरी काय सांगते? १९७६-७७ च्या पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडाची आठवण त्या पिढीच्या मनातून अद्याप गेलेली नाही. संध्याकाळ झाली, की दारे लावून घेणारे पुणे ज्यांनी पाहिले, त्यांना ‘नायलॉनची दोरी’ हे शब्दही नकोसे झाले होते. मार्च १९७७ मध्ये नदीत आणखी एका तरुणाचा मृतदेह वर आला, तोही नायलॉनच्या दोरीने बांधलेला. नायलॉनची दोरी कोणत्याही दुकानात मिळते. तिच्यावर मालकाचे नाव नसते. तिने कोणाचे नाव सांगितले नाही, पण कुठे पाहावे ते सुचवले. पुढचे काम माणसांच्या जबान्या, हालचालींचा माग आणि माफीच्या साक्षीदाराची साक्ष यांनी केले. मुक्या वस्तूकडून एवढीच अपेक्षा ठेवणे योग्य असते.

ती अपेक्षा ओलांडली गेली, की काय होते, हे पाहण्यासाठी आणखी शंभर वर्षे मागे, मराठी माणसांच्या दुसऱ्या एका राजधानीत, बडोद्यात जावे लागते. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी फिरून आल्यावर ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेयर यांनी नेहमीप्रमाणे पपनसाच्या सरबताचे काही घोट घेतले. बरे वाटेना म्हणून उरलेले त्यांनी फेकून दिले. तेव्हा पेल्याच्या तळाशी गडद गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला आणि मुंबईच्या सरकारी रासायनिक विश्लेषकांकडे पाठवला. तेथे डॉक्टर ग्रे यांना त्यात सोमल आढळला. शिवाय काही चकाकणारे कण, जे हिऱ्याची पूड असावी असे मत पडले. संशय थेट महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. फेयर आणि मल्हारराव यांचे वैर उघड होते.

२३ फेब्रुवारी १८७५ पासून चौकशी आयोगाचे काम सुरू झाले. कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष. सदस्यांत तीन इंग्रज आणि तीन हिंदी : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. गाळात सोमल होता, या निरीक्षणाशी कोणाचे फारसे भांडण नव्हते. भांडण होते तो तेथे कोणाच्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून आला, यावर. रेसिडेन्सीच्या एका हवालदाराने कबुली दिली, आणि त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडल्याचे मुंबईच्या पोलिसांनी सांगितले. बॅलंटाइन यांनी नेमके तेथेच बोट ठेवले. इतक्या दिवसांनी ती पुडी पट्ट्यात कशी सापडली? ती सापडली, की ठेवली? रसायनशास्त्रज्ञ पुडीत काय आहे ते सांगू शकत होता. पुडी पट्ट्यात कोणी ठेवली, हे सांगणे त्याच्या शास्त्राबाहेरचे होते.

आयोगात फूट पडली. तिन्ही इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी मानले. तिघा हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाल्याचे वाटले नाही. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले ते गैरकारभाराच्या कारणावरून, विषप्रयोगाच्या निर्णयावरून नव्हे. त्यांची रवानगी मद्रासला झाली. महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळ नावाच्या मुलाला दत्तक घेतले आणि तोच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड झाला. एका पेल्यातील गाळाभोवती एका संस्थानाचा इतिहास फिरला. तरीही गाळाने मूळ प्रश्नाचे उत्तर दिले नाही, कारण पेला ते प्रयोगशाळा आणि पट्टा ते न्यायासन या मार्गावरील हातांवर सर्वांचा सारखा विश्वास नव्हता.

बडोद्यात शंका घेणारा नामांकित वकील होता आणि शंका मान्य करणारे तिघे सदस्य होते. ज्याच्यापाशी दोन्ही नाहीत, त्याचे काय? अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे १९७८ मध्ये एका टॅक्सीचालकाचा खून झाला. हल्लेखोराने तोंडावर ओढलेला पायमोजा जवळच सापडला आणि त्यात तेरा केस होते. त्यांतील एक केस सतरा वर्षांच्या एका मुलाच्या केसांशी जुळतो, असे तज्ज्ञाने सांगितले. तो दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता कदाचित कोटीत एक, असे सरकारी वकिलाने ज्यूरीपुढे मांडले. त्या ‘कोटीत एक’ला कोणत्याही मोजमापाचा आधार नव्हता. त्या मुलाची सुमारे अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली. पुढे डीएनए चाचणी झाली, तेव्हा तेरांपैकी एकही केस त्याचा नव्हता. एक तर कुत्र्याचा होता. २०१२ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले.

ही एकट्या परीक्षकाची चूक नव्हती. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने आपल्याच जुन्या खटल्यांच्या फेरतपासणीचा तोवरचा हिशेब जाहीर केला. केसांची साक्ष आरोपीविरुद्ध वापरलेल्या २६८ खटल्यांपैकी २५७ मध्ये तज्ज्ञांची विधाने शास्त्राच्या मर्यादेबाहेर गेलेली होती. त्यांतील ३३ आरोपींना मृत्युदंड सुनावला गेला होता आणि त्यांतील ९ जणांची शिक्षा तोवर अंमलातही आली होती. सूक्ष्मदर्शक बिघडलेले नव्हते. ‘असू शकतो’च्या जागी ‘आहे’ आले होते. निरीक्षणाच्या जागेत अनुमान लिहिले गेले होते. येथे लाल शाईची खूण करणारे कोणी नव्हते. मराठीत ‘केसाने गळा कापणे’ म्हणजे विश्वासघात. या आरोपींचा गळा केसाने कापला गेला, तोही शास्त्राच्या नावाने.

भारतीय न्यायव्यवस्थेतही शास्त्राच्या मर्यादेचा एक मोठा प्रश्न उभा राहिला आणि त्याचा संबंध याच शहराशी आहे. एकेकाळी बंगळूर हे नार्को चाचणीसाठी देशभर प्रसिद्ध होते. औषध टोचून अर्धवट शुद्धीतल्या माणसाकडून ‘सत्य’ वदवून घेण्याची ती पद्धत. बनावट मुद्रांक प्रकरणातील, मूळचा बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याची अशी चाचणी बंगळुरात झाली आणि तिची दृश्ये पुढे दूरचित्रवाणीवरही घरोघर पाहिली गेली. ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की व्यक्तीच्या संमतीविना नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूच्या तरंगांची अशी चाचणी करता येणार नाही. तो स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनादत्त हक्काचा भंग ठरेल. केस, नखे, रक्त यांचे नमुने मात्र कायद्याच्या चौकटीत घेता येतात. बोटांचे ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच, मुंबई राज्य पक्षकार असलेल्या काथी कालू ओघड खटल्यात, सांगितले होते. माणसाच्या मनावर जबरदस्ती नको, पण त्याच्या केसाची तुलना करता येईल, असा हा विवेक आहे. केसाला भीती दाखवता येत नाही. मात्र केसाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला मोह होऊ शकतो.

म्हणून खरा बंदोबस्त प्रयोगशाळेच्या आधी करावा लागतो. केस किंवा तंतू स्वच्छ कागदाच्या घडीत गुंडाळून, मग पाकिटात ठेवावा. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला, तर बुरशी डीएनए नष्ट करते. म्हणून तो वाळवून कागदात बांधावा. संशयिताचा कपडा आणि मृताचा कपडा एका टेबलावर, एका हातमोज्याने हाताळू नये. नाहीतर लोकार्ड यांचे तत्त्व तपासणाऱ्याच्याच हातून खरे ठरते आणि जी देवाणघेवाण गुन्ह्याच्या वेळी झाली नव्हती, ती पोलीस ठाण्यात होते. प्रत्येक पाकिटावर मोहोर, क्रमांक, पंचांच्या सह्या; आणि ते कोणाकडून कोणाकडे, किती वाजता गेले, याची अखंड नोंद. पंचनाम्याचा कागद रूक्ष असतो, पण बडोद्याच्या पट्ट्यातील पुडीला नेमका असाच निर्विवाद कागद हवा होता.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि पुरावा गोळा करण्याच्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे आवश्यक केले आहे. राज्यांना हे पाच वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने लागू करण्याची मुभा आहे. मुंबईतील कलिना असो की बंगळुरातील मडिवाळा, प्रयोगशाळांना यासाठी मोठ्या संख्येने माणसे लागतील : सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसू शकणारी, कंटाळवाणी नोंद न कंटाळता लिहिणारी, आणि वरिष्ठ, वकील, वृत्तवाहिन्या व लोकक्षोभ यांच्या दडपणाखालीही ‘एवढेच सांगता येते, याहून अधिक नाही’ असे म्हणू शकणारी.

ही माणसे कोठून येणार? शाळांतूनच. नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी हीरक महोत्सवी वर्षात प्रत्येक शाळा अभिमानाने करते, आणि करावीच. पण शाळेची खरी कमाई अशा असंख्य अनामिकांतही असते, ज्यांनी कधीतरी प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर न लिहिता दिसले तेच लिहिले. उत्तर जुळत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीतील आकडा उतरवण्याचा मोह सातवीतल्या मुलाला होतो, तोच मोह पुढे तज्ज्ञाला साक्षीच्या पिंजऱ्यात होतो. फरक परिणामांचा : एका ठिकाणी दोन गुण जातात, दुसऱ्या ठिकाणी एखाद्याची अठ्ठावीस वर्षे.

पालकांच्या दृष्टीने यातून एक साधी गोष्ट निघते. मुलाने ‘माझा प्रयोग चुकला, लिटमसचा रंग बदललाच नाही’ असे सांगितले, तर त्याला प्रथम रंग बदलला नाही हेच लिहायला सांगावे. कारण नंतर शोधता येते. मातृभाषेतून विज्ञान शिकलेल्या मुलाला ‘असू शकेल’, ‘असावा’ आणि ‘आहे’ यांतील फरक घरच्या बोलीतूनच कळलेला असतो. तो मोठेपणीही त्याच्यापाशी राहिला, तर सुतावरून स्वर्ग गाठण्याची घाई त्याला होणार नाही. सूत जेथपर्यंत नेते, तेथपर्यंत तो जाईल आणि तेथे थांबेल.